खेडं जूनमध्ये बघू नका

ताई,

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. मिस्टर ६७ चे, तुम्ही ६३ च्या. १९९८ ते २०१२ ते इंग्लंडमध्ये लीड्सला नोकरीत होते, ब्रिटिश पासपोर्ट घेतला, मग त्यांच्या आईवडिलांसाठी तुम्ही दोघं पुण्याला परत गेलात. आता सासूसासरे राहिले नाहीत, मुलगा बर्मिंगहॅमला आहे. गेल्या जूनमध्ये त्याच्याकडे आला होतात, त्याने तुम्हाला आमच्या श्रॉपशर परगण्यातून फिरवलं, आणि तुम्हा दोघांच्या मनात आलं की कोथरूडचा फ्लॅट विकावा आणि इथे एखाद्या खेड्यात छोटं घर घ्यावं. ‘निवृत्त जोडप्याचं तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं ते खरं खरं सांगा,’ असं तुम्ही लिहिलंय.

खरं खरं सांगते. पण आधी मीच एक विचारते. तुम्हाला गाडी चालवता येते का? मिस्टरांना नव्हे, तुम्हाला.

आम्ही २०१४ च्या मार्चमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन सोडून इथे आलो. मी मूळची देवगड तालुक्यातली, लग्न होऊन १९७८ साली या देशात आले, पुढची तीस वर्षं इस्पितळाच्या लॅबमध्ये काढली. आमचे हे इंजिनिअर, आता ७८ चे. मी ७२ ची. लडलो हे आमचं बाजाराचं गाव, तिथून सात मैलांवर आमचं खेडं. साठेक घरं, एक चर्च, एक पब, एक व्हिलेज हॉल. दुकान नाही. दुकान होतं त्या घराचं नाव ‘जुनं पोस्ट ऑफिस’. इथे एखाद्या घरावर ‘जुनी शाळा’ किंवा ‘जुना लोहारभाता’ अशी पाटी दिसली की समजायचं, ती वस्तू आता गावात मिळत नाही. तुम्ही फोटो काढलेत ना, त्यातल्या निम्म्या पाट्या तसल्याच असतील.

व्हिसाचं आधी उरकून टाकते. मिस्टर पासपोर्टवर केव्हाही येतील. तुमचा तेव्हाचा कायमचा परवाना मात्र सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिल्यामुळे केव्हाच संपलाय, त्यामुळे तुम्हाला पत्नी म्हणून व्हिसा काढावा लागेल. एप्रिल २०२४ पासून त्याला वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावं लागतं. त्यात पेन्शन धरतात. तेवढं नसेल तर ८८,५०० पौंडांची शिल्लक सहा महिने खात्यात पडून असलेली दाखवायची. शिवाय आरोग्य अधिभार, तो दरसाल १,०३५ पौंड, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितका सगळा अर्जाच्या वेळीच भरायचा. पाच वर्षांनी कायमचं होतं. वय ६५ पूर्ण असेल तर इंग्रजीची परीक्षा माफ आहे, पण तेवढ्यासाठी दोन वर्षं थांबू नका, पहिली परीक्षा अगदी प्राथमिक असते. हे आकडे बदलतात, अर्ज करायच्या आठवड्यात सरकारी साइटवर पुन्हा बघा.

आणि तुमच्या ओळखीत कुणी ‘आमचा मुलगा तिकडे आहे, आम्ही पण येऊन राहू’ म्हणत असेल तर त्यांना सांगा, तो दरवाजा जवळजवळ बंद आहे. जुलै २०१२ पासून आईवडिलांना कायमचं आणायचं तर रोजच्या आंघोळ-जेवणालासुद्धा दुसऱ्याची मदत लागते आणि ती भारतात पैसे देऊनही मिळत नाही, असं सिद्ध करावं लागतं. पैसेवाल्या निवृत्तांसाठी एक वेगळा व्हिसा असायचा, तो २००८ सालीच गेला. घर विकत घेता येतं, पण घर घेतल्याने राहायचा हक्क मिळत नाही.

आता गाडीचं का विचारलं ते सांगते.

२०१९ चा ऑक्टोबर, मंगळवारची सकाळ. हे चहा पीत होते आणि कप हातातून घसरला. फुटला नाही, नुसता मांडीवर कलंडला. मी फडकं आणायला उठले तर हे काहीतरी सांगायला गेले आणि शब्द भलतेच. ‘फडकं’ म्हणायचं होतं, म्हणाले ‘खिडकी’. पुन्हा म्हणाले ‘खिडकी’, आणि माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मीच चुकीचं ऐकतेय. दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं. ‘काही नाही गं, रात्री झोप लागली नव्हती,’ असं म्हणून पेपर उघडला. मी ९९९ फिरवला. रुग्णवाहिका आली, पण तिला पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास मी दारात उभी राहून त्या वळणाकडे बघत होते. पक्षाघाताची पूर्वसूचना होती, टी. आय. ए. म्हणतात तिला. गोळ्या सुरू झाल्या, मानेच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तीन दिवसांत माणूस घरी. निघताना डॉक्टरीणबाईंनी सहज सांगावं तसं सांगितलं, ‘एक महिना गाडी चालवायची नाही.’ नियमच आहे तसा.

माझ्याकडे लायसन्स होतं, १९८६ चं. पण गाडीला हात लावून अठरा वर्षं झाली होती. वुल्व्हरहॅम्प्टनला दाराशी बस होती, आणि दोघं निघालो की स्टिअरिंगवर हे. इथल्या बसचं सांगते: सोमवार आणि शुक्रवार, सकाळी दहाला जाते, दीडला परत येते. पेन्शनच्या वयाच्या माणसाला पास फुकट आहे, साडेनऊनंतर चालतो. पास आहे हो, बस नाही.

पहिला आठवडा शेजाऱ्यांवर गेला. कुणी दूध आणलं, कुणी औषधं. दुसऱ्या आठवड्यात मला लाज वाटायला लागली, आणि एका दुपारी मी किल्ली घेऊन निघाले. आमची लेन एका गाडीच्या रुंदीची. दोन्ही बाजूंना डोक्यावर जाईल इतकी हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, आणि रस्त्याच्या मधोमध गवताचा पट्टा. मधूनमधून रस्ता जरासा फुगवलेला, ती पासिंग प्लेस. समोरून कुणी आलं तर ज्याला ती जागा जवळ त्याने रिव्हर्स घ्यायचा. पहिल्याच वळणावर समोर ट्रॅक्टर, त्याच्यामागे गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रेलर. म्हणजे मागे जाणार कोण, ते उघडच होतं. मागे ऐंशी पावलं, त्यात एक वळण. पहिल्या खेपेला डावा आरसा हेजमध्ये गेला. दुसऱ्या खेपेला मागचं चाक चरात. ट्रॅक्टरवाला म्हणजे विशीतलं पोर. त्याने इंजिन बंद केलं, उतरला, खिडकीशी येऊन म्हणाला, ‘मान वळवून मागे बघू नका. उजव्या आरशात गवताची कड दिसते ना, तिच्यावरून नजर काढू नका. कड सुटली की थांबा.’ आणि माझ्या खिडकीसोबत पावलापावलाने चालत आला, पार त्या फुगवट्यापर्यंत. माझी पाठ घामाने चिंब, बाहेर सहा अंश.

दुसऱ्या दिवशी मी लडलोतल्या एका शिकवणाऱ्या बाईंना फोन केला आणि म्हटलं, पुढे कसं जायचं ते मला येतं, मला फक्त मागे जायला शिकवा. दहा तास घेतले. आता महिन्यातून एकदा तरी मुद्दाम मी चालवते आणि हे शेजारी गप्प बसतात. गप्प बसायला त्यांना मला शिकवायला लागलं, ते वेगळं.

घर बघताना आम्ही दोघांनी मिळून काय काय करू तेवढाच विचार केला होता. बाग, फिरायला वाटा, चुलीजवळच्या दोन खुर्च्या. त्या महिन्यात पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार केला की यातलं एकटीला काय जमेल. आमच्या पलीकडच्या घरात एक बाई होत्या, ८१ वर्षांच्या. नवरा गेला, पाठोपाठ डोळ्यांचा पडदा बिघडला, लायसन्स गेलं. गावातली सगळी माणसं त्यांना धरून होती, तरी वर्षभरात घर विकून त्या लडलोत फ्लॅटमध्ये गेल्या. चाळीस वर्षं काढली होती त्या घरात. आता त्यांच्या खिडकीतून सुपरमार्केटची पार्किंग दिसते आणि त्या सांगतात की त्यांना ती फार आवडते, सतत काहीतरी हलत असतं.

म्हणून माझं मत, विचारलंत म्हणून: खेडं नको, बाजाराचं गाव घ्या. लडलो, चर्च स्ट्रेटन, क्रेव्हन आर्म्स ही तिन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत, श्रूजबरीला सरळ गाडी जाते. स्टेशन, औषधांचं दुकान आणि डॉक्टर पायी गाठता येतील असं घर शोधा. हिरवळ तिथूनही दहा मिनिटांवर आहे. आणि विकत घ्यायच्या आधी एक हिवाळा भाड्याने काढा. हिवाळा म्हणजे डिसेंबरातला आठवडा नव्हे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे करतात तिथपासून मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतात तिथपर्यंत.

तुम्ही जूनमध्ये पाहिलंत. तेव्हा साडेनऊला सूर्य मावळतो, कुंपणांवर जंगली गुलाब असतो, पबच्या बाहेर बाकांवर माणसं असतात. डिसेंबरात सव्वाआठला उजाडतं आणि चारला सूर्य मावळतो. आमच्या खेड्यात रस्त्यावर दिवे नाहीत. पावसाचं मला काही वाटत नाही, कोकणातल्या पोरीला तुम्ही पावसाचं काय सांगणार. पण आपला पाऊस येतो तो गाजावाजा करत. इथला नुसता हवेत लोंबकळत राहतो. कपडे घरात वाळवायचे, खिडक्यांच्या काचांना आतून पाणी. पहिल्या दोन हिवाळ्यांत दुपारी चार वाजले की माझा घसा दाटून यायचा, कारण काही नसताना. डी जीवनसत्त्व ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनीच घ्यायचं अशी इथल्या आरोग्य सेवेची सूचना आहे, आपल्या रंगाच्या माणसांनी तर बारा महिने. ते घेते. पण खरा फरक पडला तो रोज अकरा वाजता, कसंही असो, बाहेर पडायचं असं ठरवल्यावर. पिवळा बाण असेल ती पायवाट सार्वजनिक, कुणाच्या शेतातून जात असली तरी आपला हक्क. फाटक जसं असेल तसं ठेवायचं. गाभण मेंढ्यांच्या शेतात कुत्रा बांधून न्यायचा. बूट मात्र गुडघ्यापर्यंतचे घ्या. जानेवारीतला चिखल घोट्याशी थांबत नाही.

घर गरम ठेवणं हा इथला अर्धवेळ धंदा आहे. आमच्या भागात गॅसची लाइन नाही. बागेत हिरवी टाकी आहे, तिच्यात ऑइल येतं. ऑइल म्हणजे रॉकेलच, आपल्या रेशनवरचं. ज्या वस्तूसाठी लहानपणी डबा घेऊन रांगेत उभी राहिले, तीच आता टँकरने दारात येते. कमीत कमी ५०० लिटर घ्यावं लागतं. पहिल्या जानेवारीत आम्हाला कळलंच नाही की टाकीवरच्या काट्याकडे दर आठवड्याला बघायचं असतं. शनिवारी रात्री बॉयलर बंद. टँकर बुधवारी येणार, तोही चढावरचा बर्फ वितळला तर. चार रात्री आम्ही एका खोलीत, विजेचा उसना हीटर मध्ये ठेवून, टोप्या घालून झोपलो. सोमवारी एक गृहस्थ आले, म्हणाले, ‘तुम्हाला कुणी ऑइल गटाबद्दल सांगितलं नाही?’ गावातली तीसेक घरं मिळून एकदम मागणी देतात, त्यामुळे दर कमी पडतो आणि टाकीही कुणी रिकामी होऊ देत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये लिटरला पौंडाच्या वर गेलं होतं, तेव्हा सगळं गाव स्वेटरवर स्वेटर घालून व्हिलेज हॉलमध्येच बसायला येत होतं.

तुम्हाला आवडलेली ती काळ्या लाकडाची, पांढऱ्या भिंतींची घरं सुंदर आहेत, रस्त्यावरून. त्यातली बरीच सरकारी संरक्षित यादीत असतात, खिडकीची काच दुहेरी करायची तरी परवानगी लागते. आणि जिना बघा जिना, शिडीसारखा उभा. खाली झोपायची खोली आणि खालीच संडास-बाथरूम असल्याशिवाय घर बघायलासुद्धा जाऊ नका. मैलापाण्याची टाकी स्वतःची आहे का तेही विचारा. वीज जाते, १०५ नंबर फिरवायचा. म्हाताऱ्या माणसांची वीज कंपनीकडे वेगळी नोंद असते, ती आल्या आल्या करून टाका. मोबाइलला रेंज आमच्याकडे फक्त माडीवरच्या संडासात येते, त्यामुळे मुलाचे महत्त्वाचे फोन मी तिथे उभी राहून घेतलेत.

डॉक्टरांचं लोक फार वाईट बोलतात. माझा अनुभव मधला आहे. सकाळी आठला फोन लावायचा, रांगेत तुम्ही चौदाव्या असता. पण एकदा आत गेलात की नीट बघतात. खेड्यांतले दवाखाने, औषधांचं दुकान मैलभराहून लांब असलेल्यांना, औषधं स्वतःच देतात, हे फार सोयीचं. साठीनंतर औषधं आणि डोळ्यांची तपासणी फुकट. आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीची पुडी दोन वर्षांनी आपसूक टपालाने येते. दाताचं मात्र विसरा. सरकारी दंतवैद्याकडे नाव लागणं म्हणजे मुंबईत पागडीची खोली मिळण्यासारखं. दात पुण्याला नीट करून या. लडलोत छोटं इस्पितळ आहे, पण तातडीचं काही झालं तर श्रूजबरी किंवा हिअरफर्ड, दोन्हीकडे पाऊण तास. आमच्या गावातली ती लाल फोनची पेटी तुम्हाला नक्की आवडेल. तिच्यात फोन नाही. टेलिफोन कंपनी असल्या पेट्या गावांना एका पौंडात देऊन टाकते. आमच्या पेटीत हृदयाला झटका देणारं यंत्र टांगलंय. ९९९ ला फोन केला की कपाटाचा कोड सांगतात. यंत्र कसं लावायचं त्याचा वर्ग हॉलमध्ये झाला होता, मी आणि हे दोघांनी केला. ज्यांना लावायचं त्यातले बहुतेक आणि ज्यांनी लावायचं तेही, सगळे सत्तरीच्या पुढचे.

श्रूजबरीवरून आठवलं. तपासणीला जातो तेव्हा चौकातून जावं लागतं, आणि तिथे रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा उभा आहे, १८६० सालचा. तो इथलाच, श्रॉपशरचा. आमच्या गावाहून विजयदुर्ग एसटीने तासाभराचा. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला, आणि पेशवे त्यात इंग्रजांच्या बाजूने होते. २०२० साली पुतळा हलवायचा का यावर इथे बराच वाद झाला, ठेवायचं ठरलं. ह्यांना त्याचं काही नाही. मी मात्र तिथून जाताना दर वेळी एक नजर वर टाकते आणि मालवणीत एक शब्द बोलते. तो इथे लिहीत नाही.

माणसांचं म्हणाल तर गावात गोरे नसलेले आम्ही दोघंच. उघड वाईट वागणं बारा वर्षांत एकदाच झालं, पबमध्ये, आणि त्या माणसाला बाकीच्यांनीच बाहेर काढलं. ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ हा प्रश्न मात्र शंभरदा येतो. वुल्व्हरहॅम्प्टन म्हटलं की त्यांचं समाधान होत नाही, देवगड म्हटलं की त्यांना काही कळत नाही. इथली माणसं प्रेमळ आहेत, पण दार उघडायला वेळ लावतात. आपल्यासारखं न सांगता कुणाकडे जाऊन बसायचं नाही. पहिली दोन वर्षं गप्पा म्हणजे हवामान आणि कचऱ्याचे डबे. तिसऱ्या वर्षी कुणीतरी आपल्या मुलाचा घटस्फोट सांगतं, आणि मग तुम्ही गावच्या. आमच्याकडे गजाली म्हणतात त्या इथेही होतात, पण त्यांना निमित्त लागतं: कॉफी मॉर्निंग, चर्चच्या छपरासाठी केकविक्री, महिलांच्या इन्स्टिट्यूटची सभा. धर्माचं कुणी विचारत नाही. आमच्या पाद्रीणबाईंकडे आठ चर्चेस आहेत, हिंदू असलात तरी खुर्च्या लावायला आलात तर त्यांना आनंदच.

माझा प्रवेश झाला तो लोणच्याने. सप्टेंबरात हॉलमध्ये भाज्या-फळांचं प्रदर्शन भरतं. पाच फरसबीच्या शेंगा, एका लांबीच्या, कापडावर ओळीने. तीन कांदे, माना सुतळीने बांधलेल्या. तिथे ‘चटणी, एक बरणी’ या गटात मी लिंबाचं लोणचं ठेवलं, आईच्या पद्धतीचं, उन्हात खिडकीत मुरवलेलं. संध्याकाळी जाऊन बघते तर बरणीशेजारी चिठ्ठी: एन. ए. एस. कुणालातरी विचारलं. ‘नियमाप्रमाणे नाही’. म्हणजे चटणी नाही म्हणून बाद, आणि झाकणावर कंपनीचं नाव दिसतंय म्हणून पुन्हा बाद. मी चिडले. पण बरणी अर्धी रिकामी होती! परीक्षक चाखायला चमचाभर घेतात, अर्धी बरणी नव्हे. पुढच्या वर्षी इथल्याच झाडाची आंबट सफरचंदं घेऊन छुंद्यासारखं केलं, साधं झाकण लावलं, तारीख घातली. दुसरा नंबर. पहिला नंबर मिळाला त्या बाई आता माझ्याकडून जिरं-मेथीची पूड नेतात.

खाण्याचं अडत नाही, फक्त आखावं लागतं. सहा आठवड्यांनी एकदा बर्मिंगहॅमला सोहो रोडवर: नाचणीचं पीठ, कोकम, गोठवलेलं ओलं खोबरं, कढीपत्ता. तुमचा मुलगा तिथेच, तुम्हाला सोपं. गुरुवारी मासेवाला व्हॅन घेऊन येतो. त्याच्याकडचा मॅकरल हा आपल्या बांगड्याचा थोरला भाऊ, जरा जास्त तेलकट; मी त्याचं तिखलं करते आणि पंखा लावूनही शेजारी दुसऱ्या दिवशी सांगतात की काल तुमच्याकडे मासे होते. मेथी-कोथिंबीर मे ते सप्टेंबर बागेत येते. हापूस बर्मिंगहॅमला पेटीने मिळतो. आम्ही इथे आलो त्याच वर्षी, २०१४ च्या मेमध्ये, युरोपने हापूसवर बंदी घातली होती; पुढच्या जानेवारीत उठवली. देवगडच्या बाईने नवं घर घ्यावं आणि त्याच उन्हाळ्यात हापूस बंद, याला काय म्हणायचं! गणपतीला आम्ही वुल्व्हरहॅम्प्टनच्या जुन्या मित्रांकडे जातो. लंडनला डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं, पण इथून ते एका दिवसाचं काम नाही.

पैशांचं एवढंच. मिस्टरांची नोकरीतली चौदा वर्षांची सरकारी विम्याची वर्गणी भरलेली आहे, सरकारी पेन्शन पूर्ण मिळायला ३५ वर्षांची लागते, म्हणजे दोन पंचमांश मिळेल. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती, तर मिस्टरांची साधारण ९२. भारतात राहून घेतली तर ती सुरू झाली त्या रकमेवर गोठते. इथे राहायला आलात की चालू दराने मिळते. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, आमचा वर्षाला दोन हजार पौंडांच्या वर आहे. आणि एक गोष्ट जिच्यावर आपली माणसं हटकून आपटतात: इथले रहिवासी झालात की भारतातलं व्याजही इथे दाखवायचं. पी. पी. एफ. चं व्याज तिकडे करमुक्त, इकडे नाही; दहा वर्षांहून जास्त बाहेर राहून आलेल्यांना पहिली चार वर्षं सवलत मागता येते, तेवढीच. फ्लॅट कधी विकायचा, येण्याआधी की आल्यावर, याचा कराच्या हिशेबात फार फरक पडतो. दोन्हीकडचं कळणाऱ्या माणसाला पैसे देऊन विचारा. माझ्या नणंदेच्या जावयाला विचारू नका, तो सगळ्यांना सांगतो.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. माणूस गेला तर इथे अंत्यविधीला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर तो कुठेतरी थंड खोलीत, आणि आपण घरात. आमच्या इंग्रज शेजाऱ्यांना त्यात काही वाटत नाही, उलट सावरायला वेळ मिळतो म्हणतात. मला ते अजून पटलेलं नाही. आम्ही दोघांनी वकिलाकडून मुखत्यारपत्रं करून घेतलीत, मृत्युपत्रं केलीत, आणि कोण आधी गेलं तर दुसऱ्याने काय करायचं ते एका कागदावर लिहून फ्रिजला लावलंय. हे गेले तर मी लडलोत फ्लॅट घेणार. मी गेले तर हे इथेच राहणार म्हणतात, ऑइल गटाचे हिशेब त्यांच्याकडे आहेत म्हणून.

तर या, बघायला या. पण जूनमध्ये नको, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात या. वरची खोली रिकामी आहे. दोन रात्री राहा, तिसऱ्या दिवशी मी तुम्हाला गाडी देते, तुम्ही एकट्या लडलोला जाऊन दूध घेऊन या. स्टेशनवर घ्यायला मी येईन, फक्त दुपारी तीनच्या आधी पोहोचणारी गाडी पकडा. अंधारात त्या लेनमध्ये मी अजूनही रिव्हर्स घेत नाही. आणि येताना तिरफळं आणा, सोहो रोडवर मिळतात ती जुनी असतात.

तुमची,
देवगडकरीण